चिमूटभर जवळा

“शिवकांता हालकुडे!” बिराजदार सरांनी यादीतलं नाव वाचलं, आणि बसच्या पायरीवर उभी असलेली एक हडकुळी, लांब वेणीची मुलगी म्हणाली, “हजर, सर.” इकडे शाळेच्या पडवीत आमच्या मुणगेकर बाईंनी पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि वाचलं, “सुरंगी कुबल.”

मी “हजर” एवढ्या जोरात ओरडले की पाहुण्यांपैकी दोघंतिघं दचकले. आमच्या वर्गातली मुलं खिदळली. खिदळू देत. माझं घोडं अर्धं गंगेत न्हालं होतं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी आठवीत होते. त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत ‘जिल्हा-मैत्री शिबिर’ आलं. लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेची वीस मुलं दिवाळीनंतर सहा दिवस आमच्याकडे राहायला येणार, वसतिगृहात नाही, आमच्या घरांत. आमचं खाणार, आमच्याबरोबर निजणार-उठणार. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक पाहुणा एका चिठ्ठीवर एकच नाव लिहिणार. ज्याचं नाव, तो जानेवारीत सहा दिवस लातूरला जाणार. नाव आपल्या यजमानाचंच लिहायला हवं असं नाही, कुणाचंही लिहा. पण ज्याच्या घरी पाहुणा त्याची बाजू भक्कम, हे सांगायला गुरुजी कशाला हवेत?

मला जायचंच होतं. कुडाळच्या एसटी स्टँडपलीकडचं जग मी पाहिलेलं नव्हतं. घाट पाहायचा होता, आणि घाटापलीकडचा तो मुलूख पाहायचा होता, जिथं म्हणे कुठल्याही दिशेला चाललं तरी समुद्र लागत नाही. मी मैत्रिणींना जानेवारीचं आधीच सांगून टाकलं होतं. कपडे कुठल्या पिशवीत भरायचे तेही ठरवलं होतं.

शिवकांता बसमधून उतरली आणि मुणगेकर बाईंनी मला बाजूला घेतलं. “सुरंगी, ती मुलगी लिंगायत आहे. मासे-मटण काही चालत नाही. तुझ्या घरी तिची पंचाईत होईल. तिला पुराणिकांकडे ठेवते.”

“आणि मला कोण, बाई?”

“तुला या खेपेला कुणी नको. तू आमच्याबरोबर कार्यक्रमात राहा.”

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. “बाई, आमच्याकडे ठेवा ना. आई भाजी करील तिला. आम्ही सोमवारी नाही का राहत मासे न खाता? देवाशप्पथ, बाई, तिच्या पानात मासा येणार नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शिवकांताकडे. “तुझ्या भरवशावर सोडतेय हं,” त्या म्हणाल्या.

घरी जायची वाट किनाऱ्यावरून होती. माडांची रांग संपली आणि समोर पाणी आलं. शिवकांताच्या हातातली वळकटी खाली पडली, ती तिनं उचललीसुद्धा नाही.

“अगं बया,” ती म्हणाली. “ह्याला पल्याडचा काठ न्हाई का?”

“आहे की. पण तो दुसऱ्या देशात.”

“आन एवढं पानी आलंय कुठून?”

समुद्र कुठून आला असं आमच्यात कुणी विचारत नाही. ती चपला काढून सरळ पाण्यात शिरली, लाट आली तशी किंचाळत मागे पळाली, लाट परत गेली तशी तिच्यामागं धावली. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी परकर कमरेपर्यंत भिजवून आली आणि मला घट्ट मिठी मारली. मला मनातल्या मनात लातूरची बस सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी आईनं पानं मांडली. माझ्या आईला पाहुणा म्हणजे दिवाळी. तिनं वांग्याची भाजी केली होती, भात, डाळ, खोबऱ्याची चटणी. मासळी आम्हा घरच्यांसाठी दुसऱ्या चुलीवर, दुसऱ्या भांड्यात. मी मदतीला बाजूलाच होते. भाजी उतरवता उतरवता आईचा हात सवयीनं फळीवरच्या बरणीत गेला आणि भाजलेल्या जवळ्याची चिमूटभर पूड वांग्यावर पडली.

जवळा म्हणजे बारीक कोळंबी, नखाएवढीसुद्धा नसते. वाळवून, भाजून, कुटून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सोमवारी आमच्यात डाळ-भात आणि लोणचं, भाजी म्हणून नसायचीच. त्यामुळे भाजी म्हटली की चिमूट पडायचीच, मीठ पडतं तशी. मासा शिजवतोय असं त्या वेळी आईच्या स्वप्नातही आलं नसणार. माझ्या मात्र आलं. मी ती चिमूट पडताना पाहिली. तोंड उघडलं, आणि मिटलं.

का मिटलं? कारण आता दुसरी भाजी नव्हती, कारण आई नुसती घाबरली असती, कारण पुराणिकांचं घर फर्लांगभरच लांब होतं. तेराव्या वर्षी माणसाला कारणं फार पटकन सुचतात.

शिवकांतानं कपाळाला विभूती लावली, गळ्यातली चांदीची डबी हातात घेऊन, डोळे मिटून क्षणभर बसली. त्या डबीत तिचं इष्टलिंग होतं. मग तिनं पहिला घास घेतला.

“काकू, लई ग्वाड झालंय बगा,” ती म्हणाली. “ह्यात घातलंय काय?”

“काय नाय गो बाय, आमचो साधो मसालो,” आई म्हणाली आणि खूश होऊन तिच्या पानात आणखी वांगी वाढली.

शिवकांतानं तीनदा भाजी मागून घेतली. मी मान खाली घालून भात चिवडत बसले.

दुसरा दिवस शाळेत गेला. त्यांच्या मुलांनी आम्हाला हुरड्याच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही त्यांना माडावर चढून दाखवलं. शिवकांताला मी कुठं कुठं नेलं म्हणून सांगू! होडीत बसवलं, ओहोळात खेकड्याची बिळं दाखवली, माझ्या वेणीतला अबोलीचा वळेसर तिच्या वेणीत माळला. आमची जोडी बघून मुलींच्या पोटात दुखायला लागलं. जेवताना मात्र माझ्या पोटात दुखायचं. दुसऱ्या रात्री कांद्याची पात होती. बरणी होती तिथंच होती, आणि आईचा हातही होता तसाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणायची, आणि माणसांच्या दोन रांगांनी दोर ओढत ते अख्खं जाळं वाळूवर घ्यायचं. माझे वडील त्या रापणीचे म्होरके. सगळं शिबिर बघायला आलं होतं, पण बघत बसायची परवानगी शिवकांतानं कुणाला विचारली? तिनं ओचा खोचला आणि दोर धरला.

“ओढ गो पोरी, ओढ!” वडील ओरडले.

मग काय! लातूरची वीस पोरं आणि आमची चाळीस, सगळी दोराला लागली. बिराजदार सरांनी धोतर वर खोचलं. कुणी घसरून पडत होतं, कुणी पडलेल्याला तुडवत पुढं जात होतं. दोर ओला, खरखरीत, मणाचा जड. शिवकांताचे तळवे सोलवटले तरी ती सोडेना. “आलं का? आलं का?” दर मिनिटाला विचारत होती. आणि एकदम जाळ्याची खोळ उथळ पाण्यात आली आणि पाणी उकळायला लागावं तसं झालं. बांगडे, पेडवे, तारल्या, सगळं चांदीसारखं उडतंय, उन्हात डोळे दिपतायत, वर घारींचा गोंधळ, खाली आमचा. शिवकांता दोन्ही हात वर करून नाचत होती. एवढा आनंद करताना मी मोठ्या माणसालाच काय, लहान पोरालाही पाहिलेलं नाही.

वाळूवर वाटे पडले. रापणीचा नियम असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो जावई असो की वाटसरू. वडिलांनी पाच बांगडे करवंटीनं वाळू झटकून शिवकांतापुढं ठेवले. “घे बाय. तुज्या घामाचे.”

ती हसली. ते बांगडे तिनं हात न लावता माझ्या आईच्या टोपलीकडं बोटानं दाखवले. “काकूला द्या, काका. म्या खात न्हाई. आज्जीनं अट घालून पाठिवलंय मला. म्हनली, जशी चाललीस तशीच माघारी ये. तवाच हो म्हनली ती, न्हायतर मला कोन सोडतंय हितं?”

“तुजी आजी बिनघोर रवांदे,” आई म्हणाली. “माज्या घरात तुज्या पानात मासो येवचो नाय.”

मी तिथून निघाले आणि सरळ घरी आले.

दुपारी आई दुधी शिजवत होती. मी चुलीपाशी उभी होते. भाजी शिजली, आईनं झाकण काढलं, आणि तिचा हात फळीवरच्या बरणीत जाऊन आला. मी तिचं मनगट धरलं.

“आये, ता घालू नको.”

“काय ता?”

“जवळो.”

आईनं आपल्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचाच होता. चिमटीतली पूड चुलीच्या विस्तवावर पडली आणि चरचरली.

“काल पातीत घातलंय मी?” तिनं विचारलं.

“होय.”

“आणि वांग्यात?”

“होय.”

“तुका म्हायत होता?”

मी तिचं मनगट सोडलं. आईला एवढं पुरलं. तिनं बरणी उचलली, पदरात गुंडाळली आणि दाराकडं निघाली. शिवकांता बाहेर विहिरीपाशी सोललेले हात पाण्यात बुडवून बसली होती. मी आईच्या आडवी गेले.

“आये, सांगू नको. आता नाय घातलंस ना? हेच्या फुडे घालू नको, झाला. तेरवा चिठ्ठ्यो आसत. तीन दिस रव, मगे सांग.”

“काय?”

“ती माजा नाव लिवची नाय, आये. माका लातूर बगूचा आसा.”

आई माझ्यावर आयुष्यात एकदाच हात उगारणार होती, ती ही वेळ. पण तिनं उगारला नाही. “तुका लातूर बगूचा आसा म्हणान मी त्या चेडवाक फसवू?” एवढंच म्हणाली आणि मला बाजूला सारून अंगणात गेली.

तिनं शिवकांताला उभं केलं नाही, आपणच तिच्यासमोर चिखलात बसली. बरणी उघडून दाखवली. “बाय, ह्यो जवळो. बारीक मासोच तो. दोन वेळा तुज्या भाजयेत पडलो, माज्या हातान. माज्या ध्यानात इला नाय, सवयीचो हात. पण चूक ती चूक. तुजी अट माज्यामुळे मोडली.”

शिवकांतानं बरणीत पाहिलं. तिचा हात गळ्यातल्या डबीकडं गेला आणि तिथंच राहिला. “म्हंजे त्या वांग्यात?” ती म्हणाली. “म्या तीनदा मागून घेतलेलं?”

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “तुला म्हायती होतं?”

खोटं बोलायला जागा होती. आईनं माझं नाव घेतलं नव्हतं. पण आई तिथं चिखलात बसली होती आणि मी ओसरीच्या पायरीवर कोरडी उभी होते. “पहिल्या दिवसापासून,” मी म्हणाले.

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं डबी पोलक्याच्या आत नीट सरकवली, विहिरीत पोहरा सोडला आणि ओढायला गेली, पण सोललेल्या हातांना दोर धरवेना. आईनं तो काढून घेतला. आई पोहरे ओढत राहिली आणि शिवकांता अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी घेत राहिली. शेवटी तिचे दात वाजायला लागले तेव्हा आईनं आपल्या पातळानं तिला गुंडाळलं.

बिराजदार सरांना बोलावणं गेलं. ते स्वतःही लिंगायतच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “नकळत झालं, पोरी. लिंगाम्होरं बस, मनातलं सांग. ते काय पोलीस हाय व्हय?” मग म्हणाले, “पुराणिकांकडं जायचं का? सामान घे, लगेच जाऊ.”

शिवकांतानं घरात डोकावलं. आईनं सगळी भांडी, पाटा-वरवंटा, फळीवरच्या बरण्या, होतं नव्हतं ते मागच्या अंगणात नेऊन ढीग घातला होता आणि राखेनं एकेक घासत बसली होती.

“हितंच ऱ्हाते, सर,” ती म्हणाली. “पन हिच्याशी बोलनार न्हाई.”

ती बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आईनं तुळशीपाशी तीन नवे दगड मांडले. लग्नात तिच्या आईनं दिलेली पितळी टोपं पेटीतून काढली. त्यात तोवर कधी पाणीसुद्धा तापलं नव्हतं. “तू शिजव,” ती शिवकांताला म्हणाली. “मी बगतंय. माज्या हाताचो भरवसो नाय.”

शिवकांतानं आपल्या पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं, आज्जीनं बांधून दिलेलं. तिनं भाकरी थापली. आईनं ते थापणं पाहिलं, मग तिलाही राहवेना. तिनं एक थापली, ती फाटली. दुसरी थापली, ती लातूरच्या नकाशासारखी झाली. दोघी हसल्या. मी पायरीवर बसून होते आणि मला कुणी बोलावलं नाही. त्या दिवसापासून पाहुणी जाईपर्यंत आई तिच्याच पंगतीला बसली, तिच्याच चुलीवरचं जेवली. आमच्या वाडीतली बाई मासळीशिवाय तीन दिवस राहिली, आणि तेही सोमवार नसताना! हे आजही तिथं कुणाला सांगितलं तर माझ्या तोंडावर हसतील.

भाकऱ्या थापता थापता आई विचारायची. मी आईला एवढे प्रश्न विचारताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“समुद्र नाय तर सांजचा लोका बगतत काय?”

“काय न्हाई, काकू. आभाळ बगत्यात.”

“आणि शेत? ता खंय संपता?”

“संपतच न्हाई. जवारी उभारली की मानूस गडप व्हतंय तिच्यात. वारं सुटलं की आसं, आसं हलतं सगळं.” शिवकांतानं दोन्ही हातांनी दाखवलं.

“लाटो मारता म्हण की,” आई म्हणाली. तवा तापून लाल झाला तरी तिचं लक्ष नव्हतं.

शेवटच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सगळे जमले. आमच्या आया, बापूस, अर्धी वाडी. चिठ्ठ्या बिराजदार सरांच्या टोपीत होत्या. ते एकेक वाचत होते, ज्याचं नाव येई तो उडी मारून पुढं येई, टाळ्या पडत. पंधरा झाल्या, सतरा झाल्या. माझा जीव टांगणीला. आशा किती चिवट असते बघा, तीन दिवस जी माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती ती माझं नाव लिहील असं मला अजून वाटत होतं.

सरांनी अठरावी चिठ्ठी उलगडली. “शिवकांताची हाय ही,” ते म्हणाले. “सुरंगी...”

मी उडी मारून दोन पावलं पुढं गेलेसुद्धा.

“...ची आई,” सरांनी पुढं वाचलं.

पटांगणात एकच हशा पिकला. मी मध्येच उभी. आई मागं बायकांच्या घोळक्यात, तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं, जणू तिथं आणखी कुणी सुरंगीची आई असावी. मग पदरानं तोंड झाकलं.

“शिवकांता, अगं, मुलांसाठी आहे हे,” मुणगेकर बाई म्हणाल्या. “आयांसाठी नाही.”

“मला कुनाला न्यायचंय ते लिवा म्हनलात,” शिवकांता उभी राहून म्हणाली. “मला काकूला न्यायचंय. काकूला जवारी दावायची हाय.”

बाई बिराजदार सरांकडं वळल्या. सर टोपीत बोट फिरवत विचार करत होते. “बाई,” ते म्हणाले, “आतापर्यंत मुली किती आल्या?”

“दहा.”

“त्यांच्यासंगट कोन येनार? तुमच्या सासूबाई अंथरुणाला, तुमी येनार न्हाई म्हनलात. मुलींसंगट बाईमानूस तर पायजेच. मग ह्या काय वाईट?”

सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. आई लाजेनं लाल झाली. “माका खंय जमता!” ती म्हणाली. “ह्येंचा जेवाण कोण करतला? बाजारात मासळी घेवन कोण बसतला? सहा दिस घर टाकून बायल गेली, असा आयकलास खंय?” वडील नुसते टाळूवर हात फिरवत उभे राहिले.

आई बोलत होती ते सगळं बरोबर होतं. पण मी तोवर तिच्याजवळ जाऊन उभी राहिले होते आणि मला तिचे डोळे दिसत होते. पेटीतल्या टोपांसारखं काहीतरी तिनं बाहेर काढलं होतं आणि आता घाईघाईनं परत आत ठेवत होती. मला त्या क्षणी तिचा राग आला होता. माझी जागा, माझी बस, माझा घाट, आणि लोक विनवणी करतायत हिची! शिवकांता माझ्याकडं बघत होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

“मी करतंय जेवाण,” मी म्हणाले. “बाजारातपण बसतंय. तू जा.”

“तुका जमतला?”

“जमतला.”

“आणि बापाशीक भाजी घालशी? जवळो कुटलेलो नाय आसा.”

“कुटतंय,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, आई जाणार म्हणून पोर रडतेय. वाटू दे.

दुपारी बस सुटायच्या आधी शिवकांता माझ्यापाशी आली. तिच्या तळव्यांवर खपल्या धरल्या होत्या. मी विचारलं, “माझं नाव नाहीच ना लिहायचं तुला?”

“तुझंच लिवनार हुते,” ती म्हणाली. “पयल्या दिवशीच ठरिवलं हुतं. त्या समुद्रात.”

ती बसमध्ये चढली आणि मी वाळूत अंगठा रुतवत उभी राहिले.

जानेवारीपर्यंत आईनं घर डोक्यावर घेतलं. थंडी वाजते म्हणतात म्हणून वडिलांचा स्वेटर उसवून आपल्या मापाचा केला. घाटात पोरींना उलट्या होतात म्हणून आवळासुपारी करून ठेवली. ज्वारीच्या शेतात उभं राहताना कुठलं पातळ नेसायचं याचा सल्ला तिनं वाडीतल्या प्रत्येक बाईकडून घेतला आणि एकीचाही मानला नाही. रात्री निजताना मला विचारायची, “तिची आजी माका घरात घेयत मा गो?” मी म्हणायचे, “घेयत, घेयत.” मला कुठं ठाऊक होतं?

निघायच्या सकाळी मी तिची वेणी घातली. तिचे केस मी त्याआधी कधी विंचरले नव्हते. ती गप्प बसेना. “घट्ट घाल गो. घाटात वारो आसतलो. आणि मासळी देताना वजनात फसू नको. आणि बापाशीक...”

“आये, मान हलवू नको,” मी म्हणाले.

बस शाळेपाशी उभी होती. दहा मुली आणि नऊ मुलगे चढले, आणि मग आई, डोक्यावरून पदर, हातात गाठोडं. ड्रायव्हरनं तिला मागची जागा दाखवली. ती म्हणाली, “नाय बाबा, माका फुडचा दिसाक होया,” आणि सरळ त्याच्या शेजारच्या पहिल्या बाकावर, काचेसमोर जाऊन बसली. पोरींनी खिडक्यांतून हात काढले, टाटा केला, बस हलली. मी बसबरोबर धावले. “आये! आये!” हाका मारल्या.

तिला ऐकू गेलं नाही. ती दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसली होती, मान लांब करून, तोंड उघडं. डोळे समोरच्या रस्त्यावर. तेरा वर्षांची झाली होती ती. वाडीबाहेरच्या वळणावर बस वळली तरी तिनं मागं बघितलं नाही, आणि आईनं मागं न बघितल्याचा एवढा आनंद जगात कुठल्या मुलीला झाला असेल असं मला वाटत नाही. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच हात हलवत उभी राहिले. मग घरी जाऊन चूल पेटवली.